फ्लोरिडातील थंडीची लाट : अंगणातली झाडे आणि भोवतालचे वन्यजीव

फ्लोरिडात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे पहिल्याच वर्षी अंगणात आंबा, केळी, पपई, शेवगा, कढीपत्ता, तुळस आणि मोगरा लावतात, आणि उन्हाळ्याच्या पावसात ही झाडे अशी फोफावतात की आपण कोकणातच येऊन राहिलो आहोत असे वाटू लागते. हा समज डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीत एका रात्रीत मोडतो. मायामी साधारण पाटण्याच्या अक्षांशावर आहे. परंतु भारतात उत्तरेची गोठवणारी हवा हिमालय अडवून धरतो, तर उत्तर अमेरिकेत कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत अशी आडवी पर्वतरांग कोठेच नाही. त्यामुळे ध्रुवीय हवेचा एखादा लोट सरळ खाली येतो आणि आदल्या दुपारी पंचवीस अंश सेल्सिअस असलेले तापमान दोन रात्रींत शून्याच्या आसपास पोहोचते. १९ जानेवारी १९७७ रोजी मायामीत हिमकण पडलेले लोकांनी पाहिले. १८९४-९५ च्या हिवाळ्यात दोन लागोपाठच्या लाटांनी राज्यातील संत्र्यांच्या बागा जवळजवळ संपवल्या, आणि १९८३, १९८५ व १९८९ च्या गोठणांनंतर उरलेला संत्र्याचा धंदा आणखी दक्षिणेला सरकला.

घरच्या बागेपुरते बोलायचे तर या लाटेला घाबरण्याचे कारण नाही. ती बहुधा दोन-तीन रात्रींची असते आणि चार-पाच दिवस आधी कळते. करायची कामे थोडी असतात; ती ठरावीक क्रमाने आणि वेळेवर करावी लागतात, आणि लाट ओसरल्यावर बराच काळ हात आवरून बसावे लागते. नवख्यांकडून चुका होतात त्या बहुतांशी या शेवटच्या भागात.

अंदाज कसा वाचावा

सर्वप्रथम फॅरनहाइटची सवय करून घ्यावी, कारण येथील प्रत्येक इशारा त्यातच येतो. ३२ अंश म्हणजे शून्य सेल्सिअस, ४० म्हणजे साडेचारच्या आत, ५० म्हणजे बरोबर दहा आणि २८ म्हणजे उणे दोनच्या थोडे खाली. हे चार आकडे पाठ असले म्हणजे काम भागते, आणि यापुढील मजकुरात आकडे फॅरनहाइटमध्येच दिले आहेत.

राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड, म्हणजे येथील झिपकोड, टाकला की आपल्या भागाचा तासागणिक अंदाज दिसतो. त्यात केवळ किमान तापमान पाहून थांबू नये. वाऱ्याचा वेग, आकाश निरभ्र आहे की ढगाळ, आणि तापमान गोठणबिंदूखाली किती तास राहणार, या तीन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या आहेत. ३१ अंश पहाटे अर्धा तास टिकले तर बरीच झाडे ते सहज सोसतात. तेच तापमान सहा तास राहिले तर चित्र वेगळे असते.

लाटेच्या रात्री सहसा दोन प्रकारच्या असतात, आणि हा फरक कळला की पुढची बहुतेक कामे आपोआप कळतात. थंड हवेचा पट्टा येऊन गेल्यावर पहिल्या रात्री वायव्येचा जोरदार वारा वाहत असतो. ही थंडी वाऱ्याबरोबर बाहेरून येते आणि ती झाडाभोवतीची ऊब सतत काढून नेते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री वारा पडतो, आकाश स्वच्छ होते, जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते आणि थंड जड हवा जमिनीलगत साचते. या शांत रात्री दव गोठून पानांवर पांढरा थर बसतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यातील काही पहाटे दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे आपल्याकडील वर्तमानपत्रांत येतात, तोच हा प्रकार. पहिल्या रात्री झाडे वाचली म्हणून दुसऱ्या रात्री झाकण्याचा कंटाळा करणाऱ्यांचे नुकसान याच रात्री होते.

आणखी एक बाब. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे दीड-दोन मीटर उंचीवर असतो. शांत रात्री जमिनीलगतचे तापमान त्याहून बरेच खाली असते, म्हणून अंदाज ३६ अंशांचा असला तरी हिरवळीवर पांढरा थर दिसू शकतो. एक साधा, कमीत कमी तापमान नोंदवून ठेवणारा तापमापक विकत घेऊन तो अंगणातील सर्वांत खोलगट जागी गुडघ्याच्या उंचीवर लावावा. दोन-तीन शांत रात्रींतच आपले अंगण सरकारी आकड्यापेक्षा किती थंड असते ते कळते, आणि तो फरक त्या अंगणापुरता बऱ्यापैकी कायम राहतो. उंचवट्यावरची, समुद्राजवळची किंवा मोठ्या तळ्याच्या दक्षिण-आग्नेय काठावरची घरे उबदार असतात. जुन्या काळी मध्य फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागा लेक वेल्सच्या वाळूच्या कण्यावर लावल्या जात, त्यामागे थंड हवा उतारावरून खाली निघून जाते हे एक कारण होतेच.

कोणते झाड किती सोसते

प्रत्येक झाड वाचवण्याचा हट्ट धरू नये. सगळे झाकायला निघालेला माणूस अंधार पडेपर्यंत निम्मे अंगणही उरकू शकत नाही, आणि महत्त्वाचे झाड नेमके राहून जाते. म्हणून नोव्हेंबरमध्येच एका कागदावर झाडांची विभागणी करून ठेवावी.

ज्यांना काहीच करावे लागत नाही अशी मंडळी प्रथम बाजूला काढावीत. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा आणि कोबी यांना हलके गोठण सहज चालते. किंबहुना फ्लोरिडात या भाज्यांचा खरा हंगामच हिवाळा आहे. हळद, आले आणि अळू यांचा वरचा भाग वाळतो, पण जमिनीतील कंद सुरक्षित राहतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा फुटतो. त्यांच्यावर चार बोटे पालापाचोळा टाकला की पुरे.

दुसऱ्या गटात वर मरणारी, पण खालून फुटणारी झाडे येतात. केळीची वाढ ५० अंशांच्या खाली थांबते आणि ३२ च्या खाली पाने व खोड जाऊ शकते. परंतु गड्डा सहसा जिवंत राहतो आणि मुनवे फुटतात. शेवगा पाने टाकतो, जास्त थंडीत जमिनीपर्यंत वाळतो आणि मार्च-एप्रिलमध्ये खालून जोमाने वर येतो. मोठा पेरू २५-२६ अंशांपर्यंत टिकतो आणि वर जळला तरी बुडातून फुटतो. या झाडांच्या बाबतीत बुंध्याचा खालचा हातभर भाग जपणे हेच उद्दिष्ट ठेवावे.

खरी काळजी तिसऱ्या गटाची. पपई ३१ अंशांच्या आसपासच मरते आणि परत फुटेल याची खात्री नसते. फणसाची पाने ३२ ला जळतात आणि २८ ला झाड जाऊ शकते. कोवळा चिकू ३० ते ३२ अंशांना मरतो, मोठा मात्र २६-२८ अंश काही तास सोसतो. आंब्याचे गणित थोडे वेगळे आहे. मोठे झाड २५ अंशांपर्यंत काही तास तग धरते, कोवळ्या कलमाला ३० च्या खाली इजा होते, आणि मोहोर व वाटाण्याएवढ्या कैऱ्या तर ४० अंशांनाच गळू शकतात. त्यामुळे जानेवारीत मोहोर आलेला असताना लाट आली तर झाड हिरवेगार दिसत असूनही त्या वर्षीची फळे गेलेली असू शकतात, आणि त्यावर घरगुती उपाय नाही. लिंबूवर्गात कागदी लिंबू सर्वांत नाजूक, संत्रे त्याहून काटक.

तुळशीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण ती बहुतेक घरांत एकाच कुंडीत असते आणि ती गेली की घरातील ज्येष्ठांना चुटपुट लागते. ५० अंशांच्या खाली तिची पाने काळपट पडू लागतात आणि दव गोठले की ती संपते. कुंडी घरात घ्यावीच. परंतु त्याआधी, तुलसीविवाहाच्या सुमारास, वाळलेल्या मंजिऱ्या काढून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात. घरात आणलेली तुळस प्रकाशाअभावी खंगली तरी मार्चमध्ये त्या बियांपासून नवी रोपे होतात.

आदल्या एक-दोन दिवसांची कामे

नायट्रोजनयुक्त खत आणि छाटणी ही दोन्ही कामे शरदातच थांबवलेली असावीत, कारण दोन्हींमुळे कोवळी फूट येते आणि थंडी सर्वांत आधी तीच खाते. लाटेच्या आदल्या दिवशी, शक्यतो दुपारपूर्वी, झाडांच्या मुळांना भरपूर पाणी द्यावे. ओली माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. शिवाय वाऱ्यामुळे पाने सुकत असताना मुळांशी पाणी असणे गरजेचे असते. पाने मात्र संध्याकाळी ओली नसावीत. हिरवळीवरील स्वयंचलित फवारे पहाटे सुरू होणार असतील तर ते न विसरता बंद करावेत, नाही तर सकाळी जास्वंदीवर बर्फाच्या काड्या लोंबताना दिसतात.

हे वाचताना कोणी विचारेल की फ्लोरिडातील शेतकरी स्वतःच गोठणाच्या रात्री पिकांवर पाणी फवारतात, त्याचे काय. ते खरे आहे. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या थराखाली कळी ३२ अंशांवर टिकून राहते. पण त्यासाठी तापमान गोठणबिंदूला येण्याआधी पाणी सुरू करून सकाळी बर्फ वितळेपर्यंत ते एकसारखे, ठरावीक वेगाने चालू ठेवावे लागते. मधेच थांबले तर न फवारलेल्या झाडापेक्षा जास्त नुकसान होते आणि बर्फाच्या वजनाने फांद्या मोडतात. जानेवारी २०१० मध्ये प्लँट सिटी भागात स्ट्रॉबेरीसाठी अकरा दिवस एवढे भूजल उपसले गेले की शंभराहून अधिक ठिकाणी जमीन खचली आणि शेकडो घरांच्या विहिरी तात्पुरत्या कोरड्या पडल्या. घरच्या बागेत हा मार्ग धरू नये. निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात तसे येथील बागांतही एके काळी तेलाच्या शेगड्या जळत. दाट वस्तीतील लाकडी घरांच्या अंगणात तो विचारही करू नये.

कोवळ्या लिंबूवर्गीय कलमांना आणि दोन-तीन वर्षांच्या आंब्याला बुंध्याभोवती मातीची भर द्यावी. कलमाचा सांधा पूर्ण झाकून त्यावर आणखी वीतभर माती येईल असा शंकू करावा. वरचे सर्व काही गेले तरी सांध्याच्या वरचा कलमाचा भाग जिवंत राहतो, आणि तेवढा राहिला की हापूसच्या जागी रायवळ वाढवण्याची वेळ येत नाही.

कुंड्यांतील झाडांची मुळे चारही बाजूंनी उघडी असतात, म्हणून जमिनीतील त्याच झाडापेक्षा ती लवकर दगावतात. त्या गॅरेजमध्ये किंवा घरात घ्याव्यात; जमत नसेल तर दक्षिणेकडील भिंतीला टेकवून एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. आत नेण्यापूर्वी प्रत्येक कुंडी उचलून तळाशी, पानांच्या बेचक्यांत आणि काठाखाली पाहावे. थंडी पडू लागली की पाली, छोटे सरडे आणि क्यूबन झाडबेडूक नेमके तेथेच दडतात. हा बेडूक येथे बाहेरून आलेला असून त्याच्या अंगावरील चिकट स्रावाने हाताची आणि डोळ्यांची आग होते, म्हणून हातमोजे घालावेत. कढीपत्ता आत आणल्यावर हीटरच्या कोरड्या हवेने पाने टाकू लागतो. त्याला खिडकीजवळ ठेवावे, पाणी कमी द्यावे आणि पानगळीने घाबरून खत घालू नये.

झाकायचे कसे

झाकण्याचा हेतू झाडाला गरम करणे हा नसतो, कारण झाडाला स्वतःची ऊब नसते. जमिनीतून रात्रभर वर येणारी उष्णता अडवून ती झाडाभोवती कोंडून ठेवायची असते. हे एकदा लक्षात आले की नवख्यांच्या अंगणात हमखास दिसणारी चूक डोळ्यांत भरते. चादर झाडाच्या डोक्यावर टाकून बुंध्याशी दोरीने आवळलेली असते, त्यामुळे जमिनीची ऊब आत येऊच शकत नाही. चादर सर्व बाजूंनी जमिनीपर्यंत यावी, कडांवर विटा किंवा दगड ठेवावेत आणि फट राहू देऊ नये.

जुन्या सुती चादरी, सोलापुरी चादर, पातळ रजई किंवा भारतातून आणलेली गोधडी, यांपैकी काहीही चालते. गोधडी उत्तम ऊब धरते, पण ती दवाने भिजली की जड होऊन कोवळी फांदी मोडते. म्हणून चार बांबू रोवून त्यांवर टाकावी. बाजारात दंवापासून संरक्षणासाठी मिळणारे हलके विणविरहित कापड काही वर्षे टिकते आणि ज्याच्याकडे पाच-सहाहून अधिक झाडे आहेत त्याने ते घ्यावे असे माझे मत आहे. प्लास्टिक मात्र पानांना टेकू देऊ नये, कारण ते जेथे टेकते तेथे पान गोठते, आणि सकाळी ऊन आले की आत भट्टी होते.

वाऱ्याच्या रात्री चादरींचा उपयोग मर्यादितच असतो. तेव्हा वायव्य बाजूला आडोसा उभा करणे अधिक फायद्याचे ठरते. शांत रात्री मात्र नीट घातलेले आच्छादन काही अंशांचा फरक पाडते आणि बरेचदा तेवढेच हवे असते. त्याहून जास्त ऊब हवी असेल तर आच्छादनाखाली जुन्या पद्धतीच्या, तापणाऱ्या बल्बची माळ सोडावी. हल्लीच्या एलईडी माळा उजेड देतात, उष्णता जवळजवळ देत नाहीत. वायर बाहेरच्या वापरासाठीची असावी आणि बल्ब कापडाला किंवा वाळल्या पानांना टेकलेला नसावा, हे दोनदा तपासावे.

चादरी सूर्यास्तापूर्वी, जमीन अजून उबदार असताना घालाव्यात. रात्री अकरा वाजता धावपळ करून घातलेली चादर आधीच निघून गेलेली ऊब परत आणत नाही. सकाळी तापमान चाळीसच्या वर गेले की त्या काढाव्यात, म्हणजे मातीला दिवसभर ऊन मिळेल, आणि दुसऱ्या रात्रीसाठी पुन्हा घालाव्यात. काढताना एकदम ओढू नये. एका कडेपासून हळूहळू उचलावे, कारण आत रात्र काढलेला एखादा साप असू शकतो.

सकाळी काय दिसते

गोठलेल्या रात्रीनंतर केळीचे पान पहाटे अजून ताठ आणि हिरवेच असते, पण उजेडापुढे धरले तर त्यात तेल सांडलेल्या कागदासारखे पारदर्शक डाग दिसतात. पानात बर्फ होऊन पेशींची आवरणे फाटलेली असतात. ऊन चढले की ते डाग गडद होतात, दुपारपर्यंत पान लुळे पडते आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन खोडाला चिकटते. त्याच वेळी शेजारचा आंबा काहीच झाले नाही असा उभा असतो. त्याची पाने आठवडाभराने कडांपासून करपू लागतात. म्हणून पहिल्या सकाळी नुकसानीचा हिशेब मांडू नये. माती कोरडी वाटली तर पाणी द्यावे, आणि कात्री, करवत कपाटातच ठेवावी. जळकी पाने वाईट दिसतात, परंतु खालच्या भागावर पुढच्या लाटेत तेच पांघरूण असते. आता छाटले तर झाड नवी फूट काढते आणि फेब्रुवारीतील पुढची रात्र ती फूटही घेऊन जाते.

वन्यजीवांकडे पाहताना

झाडांकडून मोकळे झाले की थोडे भोवताली पाहावे, कारण ही थंडी प्राण्यांनाही अनपेक्षित असते आणि एरवी न दिसणारे बरेच काही या दोन-तीन दिवसांत दिसते. यातही एकच नियम सर्वत्र लागू पडतो : पाहावे, लांब राहावे, आणि गरज असेल तर कळवावे. फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन कमिशन ही येथील वन्यजीव खात्याची संस्था आहे आणि जखमी किंवा अडचणीतील प्राण्यांची माहिती देण्यासाठी तिचा ८८८-४०४-३९२२ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा.

दक्षिण फ्लोरिडात सर्वाधिक गाजतो तो हिरवा इग्वाना. हा मोठा सरडा मध्य व दक्षिण अमेरिकेतून आला आणि १९६० च्या दशकापासून येथे पसरत गेला. तापमान पन्नासच्या खाली गेले की तो सुस्तावतो, चाळीशीच्या आसपास त्याचे स्नायू काम करेनासे होतात, पकड सुटते आणि कालव्यावर झुकलेल्या फांद्यांवरून तो खाली पडतो. २१ जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय हवामान सेवेच्या मायामी कार्यालयाने झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर नवल वाटू देऊ नका अशी सूचनाच काढली होती. मोठा नर शेपटीसह पाच फुटांपर्यंत लांब आणि सात किलोंच्या घरात वजनाचा असतो, त्यामुळे अशा सकाळी मुलांना कालव्याकाठच्या झाडांखाली खेळू देऊ नये.

फरशीवर पडलेला इग्वाना राखाडी, ताठ आणि डोळे उघडे असलेला दिसतो. एक पाय हवेतच राहिलेला असतो. जवळून, पण हात न लावता, बरगड्यांकडे मिनिटभर पाहिले तर कातडी अगदी किंचित वरखाली होताना दिसते. तो मेलेला नसतो. ऊन लागल्यावर आधी मान, मग पुढचे पाय हलतात आणि काही वेळात तो चालू लागतो. दया येऊन त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीत किंवा घरात आणण्याचा मोह टाळावा. उबेत तो भानावर येतो तेव्हा शेपूट, नखे आणि दात तिन्ही वापरतो. शिवाय २०२१ पासून तो राज्यात प्रतिबंधित प्रजातींच्या यादीत असल्याने परवान्याशिवाय जिवंत इग्वाना बाळगणे बेकायदा आहे, आणि पकडलेला दुसरीकडे नेऊन सोडणेही चालत नाही. क्रौर्याविरुद्धचा कायदा त्यालाही लागू आहे, हेही मुलांना सांगावे.

समुद्री कासवांचे प्रकरण याच्या उलट आहे, कारण ती येथील स्वतःची आणि संघराज्याच्या कायद्याने संरक्षित आहेत. पाणी पन्नास अंशांच्या खाली गेले की उथळ खाड्यांतील कासवे बधिर होऊन पाण्यावर तरंगू लागतात किंवा किनाऱ्याला लागतात. जानेवारी २०१० च्या लांबलेल्या लाटेत राज्यात अशी हजारो कासवे सापडली आणि त्यांपैकी बरीच माणसांनी वेळीच उचलून उबदार जागी नेल्यामुळे वाचली. वेळासच्या किनाऱ्यावर पिलांना समुद्रात जाताना पाहिलेल्या आपल्या माणसाची पहिली ऊर्मी कासवाला पाण्यात ढकलण्याची असते. येथे नेमके तेच करायचे नाही. बधिर कासवाला मान वर काढून श्वास घेण्याचीही शक्ती नसते आणि ते बुडते. वरील क्रमांकावर फोन करावा, नेमकी जागा सांगावी, कुत्री आणि गर्दी दूर ठेवावी आणि सांगितले जाईल तेवढेच करावे.

मॅनटी हा अजस्र, शांत, वनस्पतीभक्षी जलचर पाहण्यासाठी मात्र थंडीची लाट हीच सर्वोत्तम वेळ आहे. सुमारे साडेचारशे किलो वजन असूनही त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो, आणि ६८ अंशांपेक्षा थंड पाण्यात तो फार काळ राहू शकत नाही. त्यामुळे लाट आली की तो नद्यांतून बाराही महिने सुमारे ७२ अंशांवर राहणाऱ्या झऱ्यांकडे येतो. ऑरेंज सिटीजवळील ब्लू स्प्रिंग राज्य उद्यानात जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी नऊशेहून अधिक मॅनटी मोजले गेले. क्रिस्टल रिव्हरचे थ्री सिस्टर्स झरे आणि टँपाजवळ अपोलो बीच येथील वीजकेंद्राचा उबदार पाण्याचा कालवा या आणखी दोन जागा. अपोलो बीचचे दर्शन केंद्र १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात उघडे असते. लाटेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर जावे, कारण ऊन चढल्यावर ते चरायला बाहेर पडू लागतात आणि वाहनतळही भरतो. त्यांना खायला घालणे, नळाचे पाणी पाजणे, स्पर्श करणे किंवा झऱ्यातून बाहेर पळवून लावणे या सर्वांवर बंदी आहे. थंडीत हुसकावलेल्या प्राण्याला त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. अंगावर पांढुरके चट्टे असलेला किंवा एका कुशीवर कलंडून पोहणारा मॅनटी दिसला तर तेवढे मात्र जरूर कळवावे.

मगरींबद्दल थोडक्यात. येथील अ‍ॅलिगेटर सत्तर अंशांच्या खाली खाणे थांबवतो आणि पंचावन्नच्या खाली जवळजवळ निश्चल होतो. पण लाटेनंतरच्या उन्हात तोच तळ्याकाठी पसरलेला असतो. तो सुस्त दिसतो म्हणून छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. त्याच उन्हात साप फरसबंदीवर आणि गाडीरस्त्यावर ऊब घ्यायला येतात, म्हणून सकाळी वर्तमानपत्र उचलायला अनवाणी जाऊ नये. थंडीने मेलेले मासे कालव्यात तरंगताना दिसले तर ८००-६३६-०५११ या क्रमांकावर नोंद करावी. त्यांत स्नूक असला तरी तो घरी आणू नये. तो केवळ गळाने, आणि तोही खुल्या हंगामातच, पकडण्याची परवानगी आहे. पक्ष्यांसाठी उथळ भांड्यात ताजे पाणी आणि दाणे ठेवले की पुरेसे होते.

लाट गेल्यावरचे आठवडे

मातीची भर शेवटचा धोका टळल्यावर काढावी; ती तशीच राहिली तर बुंध्याची साल कुजते. मध्य फ्लोरिडात हा काळ साधारण फेब्रुवारीअखेरचा आणि उत्तरेत मार्चच्या मध्यापर्यंतचा असतो. नंतर फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे असेल तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडे असेल तर आणखी खाली खरवडावे, आणि हिरवे लागेल तेथे थांबून त्याच्या थोडे वर कापावे. आंबा आणि चिकू यांच्या बाबतीत नवी फूट स्पष्ट दिसेपर्यंत तेही करू नये. केळीचे काळे खोड वरून टप्प्याटप्प्याने कापत यावे आणि मध्यभागी पांढरा, ओलसर, घट्ट गाभा दिसला की थांबावे; तेथून बरेचदा पान वर येते. नारळाची गोष्ट वेगळी, कारण त्याला शेंडा एकच. मधला न उमललेला कोंब हलकेच ओढून पाहावा. तो हातात आला आणि बुडाशी कुजका वास आला तर बुरशी आत शिरलेली असते. कुजलेला भाग काढून लेबलावरील प्रमाणात ताम्रयुक्त बुरशीनाशक शेंड्यात ओतावे. नवा कोंब दिसायला काही महिने लागू शकतात.

शंका आली तर आपल्या कौंटीतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या कृषिविस्तार कार्यालयात पानांचा नमुना किंवा छायाचित्र घेऊन जावे. तेथील प्रशिक्षित स्वयंसेवक घरगुती बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.

मेअखेरपर्यंत जेथे फुटवा नाही ते झाड काढून टाकावे आणि त्याच जागी तेच झाड लावायचे का याचा विचार करावा. पपई घराच्या दक्षिण भिंतीजवळ, आंबा अंगणातील उंच जागी आणि कढीपत्ता हलवता येईल अशा मोठ्या कुंडीत, असा बदल बहुतेकांना शेवटी करावाच लागतो. मात्र थंडीला कंटाळून किंवा नोकरीनिमित्ताने दुसऱ्या राज्यात जाताना ही कढीपत्त्याची कुंडी बरोबर नेता येत नाही. तो लिंबाच्या कुळातला असून संत्र्यांच्या बागा पोखरणारा जीवाणू वाहून नेणारी कीड त्याच्यावर पोसली जाते, आणि त्यामुळे त्याचे रोप फ्लोरिडाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. ती कुंडी राज्यातच राहणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला द्यावी.